पंख जुने, इंजिन नवं

गोंदियाजवळचा बिरसीचा विमानतळ ब्रिटिशांनी १९४० साली बांधला, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे अनेक वर्षं ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. मग औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि २००५च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली. वैमानिकांचं प्रशिक्षण इथे सुरू झाल्यापासून गोंदिया शहर आणि आसपासच्या मुर्रीसारख्या गावांना डोक्यावरून घरघरत जाणाऱ्या छोट्या विमानांची सवय झाली आहे. मार्च २०२२मध्ये या धावपट्टीवरून प्रवासी सेवा सुरू झाली, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. १ डिसेंबर २०२३पासून हैदराबाद-गोंदिया-तिरुपती सुरू झाली. दोन्ही वेळा उतरलेलं विमान एकाच जातीचं होतं : एटीआर ७२. दोन पंख्यांचं, पण पंखे फिरवणारं इंजिन जेटच्या कुळातलं. टर्बोप्रॉप.

महायुद्धासाठी बांधलेल्या धावपट्टीवर टर्बोप्रॉप उतरणं मला विशेष वाटतं, कारण हे इंजिन आधी महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानांच्याच अंगावर बसवून पारखलं गेलं. १९४२ ते १९५५ या तेरा-चौदा वर्षांत ब्रिटन, जर्मनी, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या चारही देशांतल्या अभियंत्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवून पाहिला. पिस्टन इंजिनांची हजारो बॉम्बर विमानं हाताशी आहेत, नवं इंजिन तयार होतंय. मग जुन्या सांगाड्यावर नवं इंजिन का बसवू नये? त्या प्रश्नाचे धागे कानपूर, पुणे, दाबोळीपर्यंत येतात. एक धागा तर गोंदियाच्या स्टेशनातून जाणाऱ्या रुळांच्या टोकाला आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. लिबरेटर या अमेरिकी बॉम्बरला चार इंजिनं. प्रत्येकात चौदा सिलिंडर, ताकद साधारण १,२०० अश्वशक्ती. पिस्टन वरखाली होणार, दांड्याने ती हालचाल गोल होणार, त्यावर पंखा फिरणार. ताकद वाढवायची तर सिलिंडर वाढवा, हवा दाबून भरा, थंड ठेवायची सोय वाढवा. प्रत्येक वाढीबरोबर वजन आणि बिघाड वाढत गेले. युद्धाच्या शेवटी ही वाट संपत आल्याचं इंजिनवाल्यांना कळून चुकलं होतं. जेट इंजिनात वरखाली काही होतच नाही. हवा आत ओढली, दाबली, इंधन पेटवलं, तापलेला वायू चक्रावरून मागे फेकला. भाग कमी, थरथर कमी, आणि वर केरोसीन चालतं.

मग लावा ते इंजिन ब्रिटिशांच्या लँकॅस्टर बॉम्बरला, लावा लिबरेटरला. कागदावर हे सोपं दिसतं. अडतं ते पंखांपाशी.

ताशी तीन-साडेतीनशे किलोमीटरच्या संथ चालीसाठी आखलेला पंख जाड असतो. त्याच्या पोटात इंधन मावतं, त्यावर वजन तोलतं, आणि कमी वेगातही तो विमान उचलून धरतो. असं विमान जोरात पळवू लागलं की पंखाच्या फुगीर पाठीवरची हवा विमानाच्या आधीच ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचते. मग विरोध एकदम वाढतो, विमान थरथरतं, हुकूम मानेनासं होतं. म्हणजे वेग देणारं इंजिन मिळालं, तरी वेग घेणारा पंख नाही. उलट बाजूही तेवढीच कडक. जेट इंजिन थोडी हवा फार वेगाने मागे फेकतं. विमान स्वतः संथ असेल तर त्यातली बरीच ताकद मागच्या मागे वाया जाते, इंधन मात्र दुपटी-तिपटीने जळतं. बॉम्बरचं मोल त्याच्या पल्ल्यात असतं, आणि पल्लाच आखडतो.

हे गणित ठाऊक असूनही बदल करून पाहिले गेले, कारण वेळ नव्हता. जर्मनीच्या युंकर्स कंपनीला पुढे वळलेल्या पंखांचं जेट बॉम्बर उडवून पाहायचं होतं. नवा सांगाडा बांधत बसायची सवड नव्हती, म्हणून त्यांनी धड हाइनकेल १७७ या बॉम्बरचं घेतलं आणि बाकीचे भागही इतर विमानांचे जोडले. पुढची चाकं तर कोसळलेल्या अमेरिकी लिबरेटरची होती. युंकर्स २८७ नावाचं हे विमान ८ ऑगस्ट १९४४ रोजी उडालं. शत्रूच्या विमानाची चाकं काढून आपल्या सर्वांत नव्या विमानाला लावायची, इतकी ती घाई होती. त्यांनी पंख मात्र नवा केला होता, आणि या प्रयोगाचं सगळं मोल त्या पंखात होतं.

सोव्हिएत संघात तुपोलेव या विमान-अभियंत्याने याच्या उलट केलं. युद्धात नावाजलेलं दोन इंजिनांचं तुपोलेव-२ घेतलं, त्यातली पिस्टन इंजिनं काढली आणि ब्रिटनकडून मिळालेली रोल्स-रॉइसची नीन जेट इंजिनं बसवली. पंख जवळजवळ तोच सरळ. तुपोलेव-१२ हे त्याचं नाव, उड्डाण १९४७च्या जुलैत. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वाढला. पल्ला मात्र आवश्यक तेवढा राहिला नाही. मोजकीच विमानं बनली आणि जेटवर हात बसवण्यासाठी वापरली गेली. अमेरिकेत डग्लस कंपनीने एक्सबी-४२ या पिस्टन बॉम्बरची इंजिनं बदलून एक्सबी-४३ केलं. १७ मे १९४६ला उडालेलं ते अमेरिकेचं पहिलं जेट बॉम्बर. हवाई दलाने ते घेतलं नाही.

फक्त बॉम्बर म्हणून मोजलं तर हे सगळे प्रयोग फसले, आणि अनेक इतिहासकार तसंच लिहितात. मला ते पटत नाही. अशा विमानांचं खरं काम ब्रिटनमध्ये झालं आणि तिथे कुणाला त्यांच्याकडून बॉम्ब टाकून घ्यायचेच नव्हते.

नवं इंजिन जमिनीवर कितीही तास चालवून पाहिलं तरी वीस हजार फुटांवरची विरळ, गारठलेली हवा तिथे मिळत नाही. नवं इंजिन नव्याच विमानात बसवून उडवलं तर बिघाड कुणाचा, इंजिनाचा की विमानाचा, हे कळत नाही, आणि इंजिन बंद पडलं तर वैमानिक गेला. चार भरवशाची इंजिनं असलेला जुना बॉम्बर घ्यावा आणि पाचवं, परीक्षेचं इंजिन त्याच्या नाकात किंवा शेपटीत लावावं. ते बंद पडलं तरी बाकीची चार घरी आणतात. पोटात बॉम्बची जागा मोकळी असते, तिथे मोजमापाची यंत्रं आणि ती वाचणारी माणसं बसतात. १९४२ साली ब्रिटिश अभियंता व्हिटल यांच्या आराखड्याचं जेट इंजिन वेलिंग्टन बॉम्बरच्या शेपटीत बसवून उडवलं गेलं. मागची बंदुकांची बैठक काढली की तिथे आयती जागा झाली. १९४३च्या जूनमध्ये मेट्रोपोलिटन-व्हिकर्सचं एफ-२ लँकॅस्टरच्या शेपटीत उडालं.

पुढची पायरी अधिक धाडसाची होती. लँकॅस्ट्रियन म्हणजे लँकॅस्टरचंच प्रवासी रूप. त्याची बाहेरची दोन मर्लिन पिस्टन इंजिनं उतरवून तिथे नीन जेट बसवली आणि आतली दोन मर्लिन ठेवली. १४ ऑगस्ट १९४६ला ते उडालं. पंखात आता दोन प्रकारचं इंधन वाहायला लागलं, मर्लिनला पेट्रोल आणि नीनला केरोसीन. दोन्ही टाक्या, दोन्ही नळ्या वेगळ्या. हवेत गेल्यावर वैमानिक मर्लिन बंद करायचे, पंखे थांबायचे, आणि बॉम्बरच्या पोटी जन्मलेलं हे विमान निव्वळ जेटवर सरकायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पाहुण्यांना घेऊन लंडनहून पॅरिसला गेलं. याच ठेवणीच्या विमानांवर पुढे घोस्ट इंजिन पारखलं गेलं, ते कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानाला लागलं. ऑगस्ट १९४८मध्ये एव्हन पारखलं गेलं. हे नाव लक्षात ठेवायला हवं, पुण्यात ते पुन्हा येतं.

टर्बोप्रॉपची कथा याच अंगणातली. जेटची ताकद नुसती मागे न फेकता तिनेच पंखा फिरवला तर? संथ विमानालाही ती पुरती लागू पडेल आणि पल्लाही हाती राहील. मेख अशी की टर्बाइन फार जोरात फिरतं. रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन मिनिटाला १५,००० फेरे घेतं, पंख्याला हवेत साधारण १,४००. गोंदियाच्या भाताच्या गिरणीत मोटर झपाट्याने फिरते आणि पट्टा-पुलीने फेरे उतरवून यंत्राला देतात, तसंच इथे दातेरी चाकांनी करायचं, पण हजारभर अश्वशक्ती पेलत, किलोकिलोने वजन वाचवत. टर्बोप्रॉपच्या परीक्षेतले बरेचसे हाल या चाकांच्या पेटीने केले.

डार्ट पहिल्यांदा चालवलं तेव्हा ते ठरल्यापेक्षा जड भरलं आणि ताकद कमी पडली. ऑक्टोबर १९४७मध्ये ते लँकॅस्टरच्या नाकात बसून उडालं, वर्षभरात एका वेलिंग्टनला दोन्ही बाजूंनी डार्ट लावून उडवलं. दरम्यान थिसियस टर्बोप्रॉप लावलेल्या लिंकन बॉम्बरनी ब्रिटन ते इजिप्त अशा नियमित फेऱ्या मारल्या. एका उड्डाणात न दिसणारा बिघाड रोजच्या धावपळीत, वाळूत, उन्हात दिसतो, म्हणून. जुन्या बॉम्बरांच्या नाकातली ही सगळी वर्षं डार्टला फळली. २९ जुलै १९५० रोजी डार्टच्या व्हायकाउंट विमानाने लंडन-पॅरिस प्रवासी फेरी केली, ती जगातली पहिली टर्बोप्रॉप प्रवासी सेवा. पुढे सात हजारांहून जास्त डार्ट बनली. १९५७च्या ऑक्टोबरात व्हायकाउंट इंडियन एअरलाइन्सकडे आलं.

आता कानपूर. युद्ध संपलं तेव्हा चकेरीच्या तळावर लिबरेटर विमानांच्या रांगा उभ्या होत्या. ती अमेरिकेने उधार-उसनवारीच्या करारावर दिलेली. परत न्यायची नव्हती आणि दुसऱ्या कुणाच्या हाती लागू द्यायची नव्हती. म्हणून ब्रिटिशांनी जाण्याआधी ती निकामी करून टाकली. स्वतंत्र भारताला जड बॉम्बर हवे होते, विकत घ्यायला परकीय चलन नव्हतं. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली. त्यांनी एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावत, एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला उडवत नेली. तिथे संपूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. १९४८च्या नोव्हेंबरात पहिली लिबरेटर क्रमांक ५ स्क्वॉड्रनकडे गेली. १९५१मध्ये पुण्यात क्रमांक ६ स्क्वॉड्रन याच विमानांवर पुन्हा उभं राहिलं.

या कामाबद्दल महाराष्ट्रात फारसं लिहिलं गेलेलं नाही. मला ते आपल्या विमान उद्योगाचं खरं बाळंतपण वाटतं. कारखान्यातून आलेलं विमान जोडणं वेगळं आणि मुद्दाम मोडलेलं विमान समजून घेत उभं करणं वेगळं. दुसऱ्या कामात प्रत्येक खिळ्यापाशी थांबून तो का आहे हे विचारावं लागतं.

मग भारताने या लिबरेटरना जेट किंवा टर्बोप्रॉप लावायचा खटाटोप का केला नाही? माझ्या मते कारण त्यांच्या कामात आहे. पुण्याच्या लिबरेटरचं काम अरबी समुद्रावरच्या टेहळणीचं होतं. तासन् तास खाली, संथ उडत पाण्यावर नजर ठेवायची. हे काम पिस्टन इंजिन आणि जाड, लांब पंख यांनाच साजतं. जेट लावलं असतं तर विमान लवकर पोहोचलं असतं आणि तितक्याच लवकर परत फिरलं असतं. म्हणून लिबरेटर तशीच राहिली, आणि वेगाच्या कामासाठी वेगळं विमान आलं : कॅनबेरा, जन्मापासून जेट, पंख जेटसाठीच आखलेला, इंजिन एव्हन. लँकॅस्ट्रियनच्या पंखाखाली पारखलं गेलेलं तेच एव्हन. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा उडाली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. गोवामुक्तीच्या लढाईतला तो पहिला हवाई घाव. तेव्हा भारतीय हवाई दलाचा जुना लिबरेटर आणि नवा कॅनबेरा असे दोन्ही जमाने एकाच वेळी सेवेत होते. लिबरेटर १९६८पर्यंत राहिली. जगातलं दुसरं कुठलंच हवाई दल तोवर ती उडवत नव्हतं. म्हणूनच ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेच्या संग्रहालयांत आज दिसणाऱ्या लिबरेटरपैकी काही भारतातून गेलेल्या आहेत.

कानपूरचा धागा इथे तुटत नाही. १९६० साली त्याच चकेरीला हवाई दलाने विमान बांधणीचा डेपो उभा केला. १ नोव्हेंबर १९६१ रोजी तिथे जुळवलेलं पहिलं एव्हरो ७४८ उडालं. त्याची दोन इंजिनं डार्ट टर्बोप्रॉप होती. लँकॅस्टरच्या नाकात ज्याची पहिली परीक्षा झाली ते इंजिन, आणि उडालं कुठून, तर तेरा वर्षांपूर्वी जिथून मोडक्या लिबरेटर उचलून नेल्या त्या मैदानातून.

जुन्या विमानाला जेट लावण्याचा एक प्रयोग मात्र भारताने मनापासून केला. तो बॉम्बरवर नव्हे, पॅकेट या मालवाहू विमानावर. दोन पिस्टन इंजिनांचं पॅकेट लडाखच्या विरळ हवेत धापा टाकायचं, भार घेऊन उठताना ताकद उरायची नाही. उपाय म्हणून त्याच्या पाठीवर एक लहान जेट इंजिन बसवण्यात आलं. आधी अमेरिकी बनावटीचं वेस्टिंगहाउस, नंतर काही विमानांवर बंगळूरला बनणारं ऑर्फियस. ऑर्फियस म्हणजे आपल्या नॅट लढाऊ विमानाचं इंजिन. हे जेट सतत चालवायचं नव्हतं. उड्डाणाची काही मिनिटं आणि उंच खिंड ओलांडतानाचा अवघड तुकडा, एवढ्यापुरतं. म्हणजे इंधन खाण्याचा जेटचा दोष आड येत नव्हता, आणि पंखाला जास्त वेग सोसायची पाळीही येत नव्हती. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरमच्या पायथ्याशी, सोळा हजार फुटांच्या वरच्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं. इतक्या उंचीवर, इतक्या जड विमानाला काय लागतं हे त्या वर्षांत आपल्या माणसांनी स्वतः शिकून घेतलं. जुन्या विमानाला जेट लावण्याच्या जगभरच्या प्रयोगांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. त्यात विमानाकडून त्याला न जमणारं काही मागितलेलं नाही.

राहिला तो रुळांच्या टोकाचा धागा. गोंदियाहून हावड्याकडे जाणारी जुनी बंगाल-नागपूर रेल्वेची मुख्य वाट खरगपूरवरून जाते. १९४४मध्ये खरगपूर, पियारडोबा, चाकुलिया, दुधकुंडी या तळांवर अमेरिकेची सर्वांत मोठी बॉम्बर बी-२९ आली. त्यांच्या दलाचं मुख्यालय हिजलीच्या बंदीगृहाच्या इमारतीत होतं. त्याच इमारतीत पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले वर्ग भरले. ही विमानं हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला जायची आणि तिथून जपानी ठाण्यांवर. त्यातली तीन, जुलै ते नोव्हेंबर १९४४ या काळात, परतीचा पल्ला गाठता न आल्याने सोव्हिएत हद्दीत व्लादिवोस्तोककडे वळली. जपानशी तेव्हा सोव्हिएत संघ तटस्थ होता. त्याने ती ठेवून घेतली.

त्यातलं एक सुटं सुटं करून मोजलं गेलं, आणि तुपोलेवच्या माणसांना हुकूम मिळाला की हुबेहूब नक्कल करा. तुपोलेव-४ हे ते विमान, उड्डाण मे १९४७, इंजिन सोव्हिएत बनावटीचं पिस्टन. मग तोच प्रश्न समोर आला : याला जेट लावावं का? अमेरिकेपर्यंतचा पल्ला हवा होता, जेटने तो मिळत नव्हता. कुइबिशेवला कुझनेत्सोव यांच्या कारखान्यात, जर्मनीहून आणलेल्या युंकर्सच्या अभियंत्यांच्या हातून, एक प्रचंड टर्बोप्रॉप घडत होतं. त्याची हवेतली परीक्षा तुपोलेव-४च्याच अंगावर झाली. त्यातून एनके-१२ आलं, सुमारे १५,००० अश्वशक्तीचं, उलटसुलट फिरणारे दोन पंखे एकामागे एक. त्याच्यासाठी तुपोलेवने धडाची जाडी बी-२९चीच, २.९ मीटर ठेवली आणि पंख मात्र पूर्ण नवा, मागे वळवलेला केला. १२ नोव्हेंबर १९५२ला तुपोलेव-९५ उडालं. सुरुवातीला दोन इंजिनं जोडून चालवण्याची तात्पुरती सोय होती. मे १९५३मध्ये चाकांच्या पेटीच्या बिघाडाने पहिला नमुना कोसळला. १९५५मध्ये दुसरा नमुना एनके-१२वर उडाला आणि रखडलेलं काम मार्गी लागलं. पंखे फिरवत ताशी नऊशे किलोमीटर गाठणारं, बारा हजार किलोमीटर जाणारं दुसरं विमान जगात झालं नाही. युंकर्स २८७ने ज्या गोष्टीपासून सुरुवात केली, म्हणजे आधी पंख बदला, तीच इथे शेवटाला गेली.

या विमानाचं पाणबुडीविरोधी रूप तुपोलेव-१४२. १९८८ साली भारतीय नौदलाने ती आठ विमानं घेतली आणि त्यांचं पहिलं घर होतं गोव्याचं दाबोळी, २७ वर्षांपूर्वी कॅनबेरांनी फोडलेली तीच धावपट्टी. वास्को आणि चिखली परिसरातल्या लोकांना त्या चार इंजिनांचा घुमता आवाज आजही आठवतो. १९९२मध्ये ती अरक्कोणमला हलली आणि मार्च २०१७मध्ये निवृत्त झाली. त्यातलं एक विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभं आहे. गोंदियाहून रेल्वेने तिथे जाता येतं. आत शिरलं की धडाची आतली बाजू दिसते. बाहेर येऊन पंखाखाली उभं राहावं, धडाच्या बुडख्यापासून मागे वळत गेलेली त्याची रेषा टोकापर्यंत पाहावी आणि मग एनके-१२च्या एकामागे एक असलेल्या दोन पंख्यांची पाती मोजावी. एकेका इंजिनाला आठ आहेत.